क्रोमचा आकडा

३ फेब्रुवारी, मंगळवार

"प्लेटिंगच्या खोलीत नळ चमकवणाऱ्यांनो! तुमच्या हातांना पडलेली भोकं तुमच्याच साबणानं पडली, असं तुम्हाला सांगितलं गेलं. तुम्ही ते ऐकून घेतलंत. मी ऐकून घेणार नाही!"

उद्याच्या गेटसभेची ही सुरुवात. आरशासमोर म्हणून बघितली. फक्कड झाली. 'ऐकून घेणार नाही'ला हात जोरात वर नेला आणि तो कपाटावर आपटला. बोट सुजलंय. चळवळीसाठी काय काय सोसावं लागतं!

आता आवाज खाली आणून, नुसतं कागदासाठी. आमचा कारखाना न्हाणीघरातले नळ बनवतो. पितळेचा नळ आधी निकेलमध्ये बुडतो, मग क्रोमच्या आम्लात, आणि आरसा होऊन वर येतो. मग त्याला धुवायचं. ते धुतलेलं पाणी नारंगी असतं. अगदी देखणं, सरबतासारखं. ते मागच्या सांडपाण्याच्या टाकीत साठतं. टाकी भरली की उपसायची, आणि चौघांनी शिडीनं उतरून तळ घासायचा. त्या चौघांतला एक माझा धाकटा भाऊ. रबरी पोशाख सगळ्यांत मिळून एकच, तोही कोपरावर फाटलेला. एकानं घालायचा, तिघांनी बघायचं.

धाकट्याच्या मनगटावर एक गोल जखम आहे. पेन्सिलीचं टोक रुतवून काढल्यासारखी. "दुखत नाही गं ताई," म्हणतो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखत नाही, म्हणूनच काळजी घ्या. नारंगी पाण्यातला क्रोम असाच खातो, गुपचूप."

मागणी सरळ आहे: सगळ्यांना नवे पोशाख द्या, नाहीतर पाणी बिनविषारी करा. दोनातलं एक. आणि तेही पुढच्या सफाईच्या आत.

४ फेब्रुवारी, बुधवार

सभा पेटली! मागून कुणीतरी ओरडलं, "भोंगा वाजला रे!" मला कारखान्यात भोंगा म्हणतात. आजवर पाठीमागे म्हणायचे, आज तोंडावर म्हणाले. बढती समजायची.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅनेजरनी बोलावलं. मी जय्यत तयारीनं गेले. दोन राज्यक्रांत्या, एक दुष्काळ आणि खाणकामगारांचा एक जुना संप असं सगळं भाषणात बसवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "ताई, पाणी बिनविषारी करून टाकू. पोशाखांपेक्षा ते बरं."

झालं! एवढंच! मी तशीच बसले. तापवलेलं लोखंड घेऊन यावं आणि ठोकायला काही नसावं, तसं झालं.

रीत केमिस्टनं आधीच ठरवून दिली आहे म्हणे. दोन ड्रम येणार. आधी एक पावडर, मग कॉस्टिक सोडा. केमिस्ट स्वतः रजेवर आहे, पुढच्या शनिवारी येईल. तोवर टाकीवाले काका करतील. काकांचं आयुष्य त्या टाकीपाशी गेलंय. टाकीशी ते बायकोपेक्षा जास्त बोलतात, असं त्यांची बायकोच सांगते.

वाया गेलेलं भाषण घरी धाकट्याला ऐकवलं. तो जेवत होता, त्यामुळे पळता आलं नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी भाची आली. धाकट्याची मुलगी, अकरावीत. हातात रसायनशास्त्राचं पुस्तक, तोंड कडू.

"आत्या, शुक्रवारी चाचणी आहे. कुणाला तरी समजावून सांगितलं की मला समजतं. तू समोर बस."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच तर!"

विषय: संयुगातल्या प्रत्येक मूलद्रव्याची ऑक्सिडीकरण अवस्था काढणे. पुस्तक असं भारदस्त बोलतं. भाची 'ऑक्सिडेशन स्टेट' म्हणते. मी आपली 'आकडा' म्हणते. एकत्र नांदणाऱ्या अणूंमध्ये कुणी किती इलेक्ट्रॉन सोडले आणि कुणी किती ओढले, ते कागदावर मांडायचं. सोडले तर अधिक, ओढले तर उणे.

मी ताडकन उठले! "कुणी दिलं, कुणी लाटलं! हे रसायनशास्त्र आहे, हे मला आजवर कुणी का सांगितलं नाही? अगं, हा तर सगळ्या इतिहासाचा—"

"आत्या, खाली बस. ऑक्सिजन किती?"

"...उणे दोन."

"हायड्रोजन?"

"अधिक एक."

"सोडियम, पोटॅशियम?"

"अधिक एक. निमूट देतात बिचारे."

"आणि सगळ्यांची बेरीज?"

"शून्य. संयुगावर भार असला तर तेवढा भार."

नियम एवढेच. ज्यांचे आकडे ठरलेले आहेत ते मांडायचे, आणि जो उरतो त्याचा आकडा बेरजेतून आपोआप बाहेर पडतो. सगळ्यांनी जबानी दिली की गप्प बसलेला सापडतो, तसं. मला आवडलं. फार आवडलं. पण ऑक्सिजनला उणे दोन कुणी दिले, मतदान झालं होतं का, असं विचारलं तर भाचीनं पुस्तक मिटलं.

मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तोच ऑक्सिजन उणे एक निघाला! म्हणजे नियम करायचा आणि वर्षाच्या आत सवलत द्यायची. हे कुणाचं सरकार आहे?

९ फेब्रुवारी, सोमवार

जिंकलो!!

जेवणाच्या सुट्टीत काकांनी टाकीत कॉस्टिक सोडलं आणि लांब बांबूनं ढवळलं. आम्ही सगळे कठड्याला लटकून बघत होतो. नारंगी रंग डोळ्यांदेखत फिका होत गेला आणि पाणी पिवळं झालं. लिंबासारखं पिवळं! टाळ्या, शिट्ट्या. पॅकिंगच्या बायका नाचल्या. काका कपाळ पुसत म्हणाले, "बघा, गाळसुद्धा धरला नाही. किती निर्मळ!"

मी उलट्या ठेवलेल्या ड्रमवर चढले. "आज एक रंग हरला आहे! ज्या नारंगीनं आपली कातडी खाल्ली, ती आज आपल्यासमोर पिवळी पडली आहे!" — हे आयत्या वेळी सुचलं. टाळ्या थांबेनात.

मॅनेजर खिडकीतून हात हलवत होते. खाली येऊन त्यांनी जाहीर केलं, "पुढच्या सोमवारी टाकीची सफाई. पाणी आता निर्विष आहे, तेव्हा पोशाखाची भानगड नाही. हाफ पँट घालून उतरा!" पुन्हा टाळ्या. तो पोशाख सगळ्यांच्याच डोक्यात जातो. आत घामाची वेगळी टाकी होते.

धाकटा घरी येताना शीळ घालत होता. किती दिवसांनी!

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज लोखंडाची एक काळी भुकटी आली. लोखंडाचे तीन अणू, ऑक्सिजनचे चार. ऑक्सिजनचे उणे आठ. म्हणजे तिघा लोखंडांत मिळून अधिक आठ. एकेकाला किती? आठ भागिले तीन!

"दोन पूर्णांक दोन तृतीयांश?" मी म्हटलं. "अर्धामुर्धा इलेक्ट्रॉन कोण देतं गं?"

भाची हसायला लागली. "कुणीच नाही. ती सरासरी आहे, आत्या. खरं म्हणजे दोघं तीन-तीन देतात आणि एक दोन देतो."

सरासरी! कारखान्यात सरासरीनं आमचा किती वेळा गळा कापलाय. "सरासरी कामगार समाधानी आहे" असं अहवालात लिहितात, आणि तो सरासरी कामगार कधी कुणाला भेटलेला नसतो. भुकटीचं मला कौतुक वाटलं. तिनं निदान अपूर्णांक दाखवून आतलं उघडं केलं.

हे पुढच्या भाषणात घ्यायचं. भाचीची परवानगी मागितली. म्हणाली, "घे, पण पहिल्यांदा परमँगनेट सोडव." सोडवलं. मँगनीज अधिक सात! ऑक्सिजनचे चार अणू त्याच्या मानगुटीवर, आणि मदतीला एकटा पोटॅशियम, तोही एकच देणारा. बिचारा.

११ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. बोटाची सूज उतरली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

घाईत लिहितेय. अक्षर वाकडं येईल.

उद्या चाचणी, म्हणून दुपारी भाची शेवटची उजळणी करायला आली. ती चहा करत होती आणि मला म्हणाली, "तू पुढची दोन सोडव." पुस्तकात लागोपाठ होती.

पहिलं सोडियम डायक्रोमेट. सोडियम दोन, क्रोम दोन, ऑक्सिजन सात. सोडियमचे अधिक दोन, ऑक्सिजनचे उणे चौदा. शून्य व्हायला अधिक बारा पाहिजेत, ते दोघा क्रोमांत. एकेकाला सहा.

दुसरं सोडियम क्रोमेट. सोडियम दोन, क्रोम एक, ऑक्सिजन चार. अधिक दोन, उणे आठ. एकटा क्रोम उरला. सहा.

"दोन्हीकडे सहा आले. चुकलं का?" मी ओरडले.

"बरोबर आहे," स्वयंपाकघरातून आवाज. "त्यात काहीच बदलत नाही. आम्ही प्रयोग पण केलाय. डायक्रोमेटमध्ये कॉस्टिक घातलं की क्रोमेट होतं. कोणी काही दिलं नाही, कोणी काही घेतलं नाही. नुसती जागा बदलून बसतात. रंग मात्र भारी बदलतो. आधी नारंगी असतं, मग एकदम..."

"पिवळं," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

मी तिला टाकीचं सगळं सांगितलं. तिनं चहा खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "आत्या, विष सहाच्या क्रोममध्ये असतं. तीनचा त्यामानानं गरीब. त्याचं पाणी बहुतेक हिरवं असतं. तुमचं मधे हिरवं झालं होतं का?"

नाही. हिरवं झालं नव्हतं. आम्ही पिवळ्यालाच टाळ्या वाजवल्या. आणि ड्रमवर मी होते.

धाकटा सोमवारी हाफ पँट घालून त्या सहात उतरणार आहे!

संध्याकाळी, तो बूट काढत असतानाच, त्याला म्हटलं, "तू उतरायचं नाहीस."

"तूच म्हणालीस ना, रंग हरला म्हणून?"

"मी चुकले."

"ताई, तुझं हे नेहमीचं आहे. आज जिंकलो, उद्या फसलो. परत तो पोशाख घालायला लावशील. शिवाय मी नाही म्हटलं तर दुसरा कोणी उतरेल. मग त्याची ताई कोण?"

तो माझ्यापेक्षा चांगलं बोलतो, फक्त कमी बोलतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आधी काकांकडे गेले. "काका, पावडरीचा ड्रम कुठाय?"

"तो आलाच नाही. गाडी अडकली म्हणे. नुसतं कॉस्टिक आलं, म्हटलं निदान दुसरं काम तरी उरकून घेऊ."

"अहो, पहिल्याशिवाय दुसरं?"

"रंग बदलला ना बाई!" काका मनापासून म्हणाले. "रंग बदलला, गाळ नाही. मला वाटलं, पावडरीशिवायच साधलं."

कुणी लबाडी केली नव्हती. हे लिहिताना थोडं वाईटच वाटतंय. लबाडी असती तर माझं काम सोपं होतं.

मग मॅनेजर. त्यांनी ऐकलं आणि खुर्ची मागे केली. "ताई, सोमवारी टाळ्या तुम्ही घेतल्यात. आज म्हणता ते विषच आहे. आधी ठरवा. रंग बदललेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला."

"तुमच्या डोळ्यांनी आकडा दिसत नाही."

"कसला आकडा?"

मी त्यांच्या टेबलावरच्या कोऱ्या कागदावर मांडायला लागले, तर त्यांना फोन आला. तो फोन बराच वेळ चालला. मी उठून आले. ठीक आहे! मग गेटवर मांडते.

गेटच्या लोखंडी पत्र्यावर खडूनं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ड्रमवर न चढता बोलले. "सोमवारी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ते बरोबर करून घ्यायचंय. भाषण नाही. शाळा आहे."

"भोंगा बिघडला का आज?"

"बिघडला होता, दुरुस्त झाला. ऑक्सिजन किती? उणे दोन. लक्षात ठेवा."

"कायमचा दोनच?" प्लेटिंगवाल्यांतला एक. "बढती नाही?"

"पेरॉक्साइडमध्ये बदली होते, तिथे एक मिळतो."

"म्हणजे पगारकपात!"

"सोडियम अधिक एक."

"हा आमच्यासारखा," पॅकिंगची एक बाई. "नुसतं देतच बसायचं."

"मला एक सांगा," मागून काका, "शून्य का व्हायला पाहिजे? थोडं उरलं तर बिघडलं कुठं?"

"बाटली उचलली की तुम्हाला झटका बसेल, काका."

हशा! पण त्या हशात काही जणांची बोटं आपापल्या तळव्यावर चालत होती. मी आधी नारंगीचं मांडलं. बारा, दोघांत, सहा. मग पिवळ्याचं मांडायला लागले, तर अर्ध्यातच धुण्याच्या टाकीवरची एक मुलगी म्हणाली, "हे पण सहाच येतंय." तिनं ते मोठ्यानं म्हटलं नाही. पण गेटवर एकदम चिडीचूप झालं. माझ्या कुठल्याच भाषणानं अशी शांतता आणलेली नाही.

धाकटा पुढे आला. खडू घेतला आणि सहाभोवती गोल काढला. "सोमवारी कोणी उतरणार नाही," एवढंच म्हणाला.

भाचीचा पेपर बरा गेला. पण शेवटच्या उत्तरात तिनं दीड पान लिहिलं आणि 'म्हणून आपण सर्वांनी सावध राहिले पाहिजे' असं संपवलं. "तुझ्यामुळे, आत्या! रसायनशास्त्राच्या पेपरात मी भाषण ठोकून आले!"

१४ फेब्रुवारी, शनिवार

केमिस्ट रजेवरून आला. जाड भिंगांचा चष्मा, सदऱ्याला शाई. बॅग खाली ठेवायच्या आत त्याला सगळ्यांनी टाकीपाशी नेलं. त्यानं पाण्याकडे बघितलं आणि डोकं धरलं. "पावडर कुठाय? अहो, पावडरच तर काम करते! कॉस्टिक नुसतं गाळ बसवायला!"

मग त्यानं सगळ्यांसमोर, मॅनेजरांसकट, करून दाखवलं. काचेच्या भांड्यात टाकीतलं पिवळं पाणी. थोडं आम्ल, की पुन्हा नारंगी. "बघा, मागेपुढे कितीही करा, हे दोघं एकच." मग त्याच्याकडच्या बाटलीतली चिमूटभर सल्फाइटची पावडर. काडी विझवल्यासारखा उग्र वास. सगळे खोकले. आणि पाणी हिरवं!! पाचूसारखं.

"आता किती?" मी भाचीच्या थाटात विचारलं.

"तीन," केमिस्ट हसला. "पावडरीतल्या गंधकानं इलेक्ट्रॉन दिले, क्रोमनं घेतले. सहावरून तीनवर आला." मग कॉस्टिकचे थेंब टाकले. करडा-हिरवा गाळ हळूहळू खाली बसला, वर नितळ पाणी. काका भांड्यावर इतके वाकले की नाक बुडणार होतं. "गाळ बसतो," म्हणाले. "बसायलाच पाहिजे होता की काय!"

मॅनेजरांनी भांडं उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, "सोमवारची सफाई रद्द. पावडर येईपर्यंत टाकीजवळ कोणी जायचं नाही." आणि जाता जाता मला, "तो तुमचा कागद टेबलावर राहिला होता. मी पूर्ण केला. सहाच आले."

माणूस वाईट नाही. भाषणासाठी गैरसोयीचा आहे, पण वाईट नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

धाकटा उतरला नाही. कुणीच नाही. टाकी पिवळीधमक, तशीच.

मला मात्र दिवसभर चैन नाही. जिथे तिथे आकडे दिसतात. मिठात, चुन्यात, भांडी घासायच्या सोड्यात. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या ताईंना आता दारं-खिडक्यासुद्धा अधिक-उणे दिसायला लागल्या." धाकटा म्हणाला, "पूर्वी शत्रू दिसायचे. हे बरं."

१८ फेब्रुवारी, बुधवार

पावडर आली! ह्या वेळी क्रम चुकला नाही. केमिस्ट कठड्यापाशी, काका बांबूवर. आधी आम्ल, मग पावडर. वासानं डोळ्यांतून पाणी, म्हणून सगळ्यांना लांब उभं केलं. आम्लानं पुन्हा नारंगी झालेलं पाणी मळलं, काळपट झालं, आणि मग एवढी मोठी टाकी अख्खीच्या अख्खी हिरवी झाली. केमिस्टनं कागदाच्या पट्ट्या बुडवून तपासलं, पुन्हा तपासलं, मान डोलावली. मग कॉस्टिक. गाळ बसायला लागला.

मी ड्रमवर चढले नाही. लोकांनीच ओढून चढवलं. मी म्हटलं, "तीन!" आणि उतरले. त्याच टाळ्या सगळ्यांत मोठ्या पडल्या. एवढी वर्षं मी उगाच लांब बोलत होते की काय?

२० फेब्रुवारी, शुक्रवार

टाकीतलं वरचं नितळ पाणी सोडलं. तळाशी हिरव्या गाळाचा थर आणि त्यावर वीतभर पाणी उरलंय. उद्या सकाळी सफाई. केमिस्ट म्हणाला, तीनच्या क्रोमला पोशाख लागत नाही. हातमोजे आणि बूट पुरेत. धाकट्यासकट चौघांना नवे कोरे हातमोजे मिळाले. धाकटा मोजे घालूनच चहा प्यायला. आम्ही हसून लोटपोट!

मला राहवलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बोललेच, थोडंसं. "ही टाकी आता मालकांची नाही, आपली आहे. आपल्या डोक्यानं आपण ती स्वच्छ केली. उद्या अशी घासू, की मॅनेजरांना त्यात तोंड बघता येईल!" पोरीबाळी, म्हातारे, सगळे तयार. जो तो म्हणतोय, मी घरून ब्रश आणतो, मी अमुक आणते. प्लेटिंगवाले, पॅकिंगवाल्या, सगळ्यांनी मिळून केलेली ही पहिलीच गोष्ट असेल.

धाकट्याच्या मनगटावरची जखम भरत आलीय. कडा गुलाबी झाल्यात.

२१ फेब्रुवारी, शनिवार

टाकीच्या खोलीत बसून लिहितेय. सगळ्यांच्या आधी आले, बघावं म्हणून.

गाळावरचं पाणी पिवळं आहे.

कठड्यापाशी ब्लीचचे दोन रिकामे कॅन, आणि एक भरलेला. पॅकिंगच्या बायकांनी काल घरी जाताना ओतलं असणार. वास जावा, गाळ सुटावा, माझ्या शब्दाखातर टाकी चमकावी म्हणून. संडास धुतात तसं, मायेनं.

भाचीला विचारलं नाही. कॅनवरचं नाव, सोडियम हायपोक्लोराइट, घेऊन स्वतः मांडलं. सोडियम अधिक एक, ऑक्सिजन उणे दोन, उरला क्लोरीन: अधिक एक. त्याला उणे एक व्हायचं असतं. म्हणजे तो ओढणार. आणि खाली क्रोम, तीन आणखी द्यायला मोकळा. सहा. पुन्हा सहा! ह्या वेळी मॅनेजर नाही, ड्रम चुकला नाही. आम्ही केला. आमच्या हातांनी, माझ्या भाषणानं.

गेटवर आवाज येतोय. त्यात धाकट्याची शीळ आहे. मोजे त्याच्या हातात असतील, बाह्या वर.

आत येतील त्यांना आज एकच वाक्य:

शिडी वर ओढून घ्या!